पोत आणि साक्ष

'पोत' हा शब्द मराठी समीक्षेत आला तो वस्त्राच्या व्यवहारातून. कापडाचा पोत डोळ्यांना जाणवतो हे खरे. पण त्याची खातरजमा व्हायची ती पदर अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून चोळल्यावरच. समीक्षेत हा शब्द रूढ होताना त्यातला स्पर्श मागे पडला आणि कवितेचा पोत, निवेदनाचा पोत ही रूपके निर्वेधपणे वापरात आली. मुद्रण आणि संगणकीय संकल्पन यांच्या क्षेत्रात मात्र या शब्दावर याहून विलक्षण प्रसंग ओढवला आहे. तेथे लाकूड, ताग, हातकागद, दगड, गंजलेला पत्रा, सारवलेली भिंत यांचे पोत चित्रफायलींच्या रूपाने साठवलेले असतात. हवा तो निवडावा, मजकुराच्या मागे पसरावा, गडद किंवा फिका करावा, नकोसा वाटल्यास काढून टाकावा. स्पर्शाने पारखायची वस्तू येथे पूर्णतः दृष्टीच्या स्वाधीन झालेली आहे. लग्नपत्रिका, पुस्तकाचे मुखपृष्ठ, साबणाचे वेष्टन, मोबाइलचा पडदा अशा सर्व ठिकाणी आढळणारी ही प्रथा आता इतकी सवयीची झाली आहे, की तिच्यात काही नैतिक प्रश्न दडलेला असू शकेल हे सुचवणेच अतिशयोक्तीचे वाटावे. हा अभिरुचीचा प्रश्न आहे, ज्याला आवडेल त्याने वापरावे, असे म्हणून तो सहसा मिटवला जातो. परंतु ज्या पृष्ठभागावर जे द्रव्य नाही त्याची खूण वागवणे हे असत्य आहे काय, असा प्रश्न एकदा विचारला, की तो अभिरुचीच्या कक्षेत मावत नाही. कारण असत्य सुंदर असले तरी असत्यच राहते, असे निदान एका परंपरेचे म्हणणे आहे.

ही परंपरा अर्थातच जॉन रस्किनची. 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या १८४९ मधील ग्रंथात सत्याच्या दीपाविषयी लिहिताना रस्किनने वास्तुकलेतील फसवणुकीचे तीन प्रकार सांगितले: खऱ्या आधाराहून निराळा आधार असल्याचे भासवणे, एका द्रव्याचा पृष्ठभाग रंगवून तो दुसऱ्याच द्रव्याचा असल्याचे दाखवणे, आणि हाताने घडवल्यासारखे दिसणारे अलंकरण साच्यात ओतून किंवा यंत्रावर करणे. लाकडावर संगमरवराच्या शिरा रंगवणे हा यातला दुसरा गुन्हा. आजच्या संकल्पकाच्या पोतसंग्रहाला हे कलम जवळजवळ शब्दशः लागू पडते. तथापि रस्किनने याच प्रकरणात एक सूट दिलेली आहे आणि तिच्याकडे त्याच्या अनुयायांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. वास्तूवरील सोन्याचा मुलामा ही फसवणूक ठरत नाही, कारण तेथे ते सोने आहे असे कोणी समजतच नाही. दागिन्यावरील मुलामा मात्र फसवणूक ठरतो, कारण तेथे तसे समजले जाते. या एका सवलतीने रस्किनची सारी इमारत हलते. कारण मग असत्य पृष्ठभागात राहत नाही. ते पाहणाऱ्याच्या अपेक्षेत आणि त्या अपेक्षेला दिलेल्या होकारात राहते. मुलामा तोच, सोने तेवढेच, आणि निवाडा मात्र भिन्न.

सह्याद्रीतील लेणी कोरणाऱ्यांना रस्किनच्या परीक्षेस बसवले असते तर ते पहिल्याच प्रश्नाला नापास झाले असते. भाजे येथील चैत्यगृहातील खांब आतल्या बाजूस कललेले आहेत. लाकडी बांधकामात छताचा भार तोलण्यासाठी खांब तसे कलते रोवावे लागत. अखंड कातळात कोरलेल्या खांबांवर असा कुठला भारच येत नाही. भाजे आणि कार्ले या दोन्ही ठिकाणी कमानदार छताखाली खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या आहेत, आणि त्या काहीही पेलत नाहीत. पुढे अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांत या फासळ्याही दगडातच कोरल्या गेल्या. वेरूळच्या १० व्या लेण्यात हा प्रकार इतका ठसठशीत आहे, की लोकांनी त्याला 'सुतार की झोपडी' असे नाव दिले. हे नाव मोठे बोलके आहे. ज्यांनी ते दिले त्यांना दगडात लाकूडकाम दिसले, ते दगडच आहे हेही दिसले, आणि आपण फसवले गेलो असे त्यांना क्षणभरही वाटले नाही. नावात तक्रार नाही, कौतुक आहे.

या अनुभवाचे वर्णन करण्यासाठी भारतीय साहित्यशास्त्रात एक नेमके साधन उपलब्ध आहे. अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती'तून ज्याचे मत कळते त्या श्रीशंकुकाने नाट्यातील प्रतीतीसाठी चित्रातील घोड्याचा दाखला दिला. चित्रातला घोडा पाहून होणारे ज्ञान सम्यक् नाही, मिथ्या नाही, संशयरूप नाही आणि निव्वळ सादृश्याचेही नाही; या चारही कोटींहून ते वेगळे आहे. चित्रतुरगन्याय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या युक्तिवादाचे अभिनवगुप्ताने पुढे खंडन केले, आणि रसप्रक्रियेच्या संदर्भात ते खंडन रास्तही असेल. परंतु अनुकृतीकडे पाहणारा प्रत्येक जण भ्रमातच असतो हे गृहीतक शंकुकाने जे मोडीत काढले, ते कायमचेच. सुतार की झोपडीपुढे उभ्या राहणाऱ्याची प्रतीती ही अशी चित्रतुरगप्रतीती होय. तेव्हा अनुकृती म्हणजे असत्य हे समीकरण सोडून द्यावे लागते.

ते सोडले म्हणजे प्रश्न संपतो, असे मात्र नाही. इमॅन्युएल कान्टने १७९० च्या आपल्या ग्रंथात, सौंदर्यविषयक निर्णयाची मीमांसा करताना, ४२ व्या परिच्छेदात एक गोष्ट सांगितली आहे. उन्हाळ्याच्या शांत संध्याकाळी नाइटिंगेलचे गाणे ऐकण्यास उत्सुक असलेल्या पाहुण्यांसाठी एक यजमान झाडीत एका खट्याळ मुलाला लपवून ठेवतो. वेळूच्या साहाय्याने तो पक्ष्याचा आवाज हुबेहूब काढतो. लबाडी उघड होताच मघापर्यंत मोहक वाटणारे ते गाणे कोणालाही फार वेळ ऐकवत नाही. जमिनीत रोवलेल्या कृत्रिम फुलांचेही तेच. नाद बदललेला नाही, आकार बदललेला नाही, तरी रस उडून जातो. बा. सी. मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताला ही गोष्ट पचवणे अवघड आहे. संवेदनांमधील संवाद, विरोध आणि समतोल हेच जर सौंदर्याचे अधिष्ठान असेल, तर ती संवेदना पक्ष्यापासून आली की पोरापासून याने काय फरक पडावा? कान्टचे उत्तर असे, की निसर्गसौंदर्यातील आपला रस हा निव्वळ रूपातला नसतो. ते निसर्गाने निर्माण केले आहे या जाणिवेवर तो उभा असतो. कान्ट त्या रसाचे नाते नैतिक भावनेशी जोडतो. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथामुळे कान्टची शुद्ध सौंदर्याची कल्पना मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची झाली. हा परिच्छेद त्या तुलनेने दुर्लक्षित राहिला. पोताच्या प्रश्नाला मात्र तोच अधिक जवळचा आहे.

दगडातील लाकूडकामाने रस उडत नाही आणि झाडीतल्या पोराने उडतो, याचे कारण काय? येथे अमेरिकन नवसमीक्षेतील जॉन क्रो रॅन्समचा एक भेद उपयोगी पडतो. रॅन्समने कवितेत संरचना आणि पोत असे दोन घटक मानले. संरचना म्हणजे कवितेचा तर्कसंगत, गद्यात सांगता येण्याजोगा आशय. पोत म्हणजे त्या आशयाच्या दृष्टीने अप्रस्तुत वाटणारा, पण जागोजाग त्याला अडवणारा, वळवणारा विशिष्ट तपशील. पोताचे लक्षण येथे सजावट हे नाही. अडवणूक हे आहे. हा भेद कवितेबाहेर नेला तर असे दिसते, की वेरूळच्या कारागिराने लाकडाची संरचना उचलली, त्याचा पोत उचलला नाही. फासळ्यांचा क्रम, त्यांची वक्रता, एकमेकींतील अंतर हे सारे सुताराचे. पृष्ठभाग मात्र बेसाल्टचा, छिन्नीच्या घावांसकट. कागदावरील जैन कल्पसूत्राच्या जुन्या पोथ्यांतही हेच घडलेले दिसते. ताडपत्राच्या पोथीत दोरी ओवण्यासाठी भोक पाडलेले असे. कागदावर लेखन सुरू झाल्यावर दोरीची गरज संपली, तरी लेखकांनी पानाच्या मध्यभागी ती जागा मोकळी ठेवली, तेथे तांबडा, निळा किंवा सोनेरी ठिपका काढला. आडवे, लांबट पान हाही ताडपत्राचाच वारसा. जुन्या बांधणीतून उरलेल्या अशा खुणांसाठी हेन्री कॉली मार्च या ब्रिटिश वैद्याने १८८९ मध्ये 'स्क्यूओमॉर्फ' हा शब्द घडवला. कागद येथे ताडपत्र असल्याचे सोंग आणत नाही. ताडपत्राच्या शिरा कोणी त्यावर रंगवलेल्या नाहीत. तो आपल्या पूर्वजाचे स्मरण ठेवतो, इतकेच.

लॅमिनेटची गोष्ट उलटी आहे. महाराष्ट्रात ज्याला सरसकट सनमायका म्हणतात त्या पत्र्यावरील सागवान हे छापील असते. लाकडाच्या पृष्ठभागाची प्रतिमा छपाईच्या रुळावर उतरवून ती कागदावर छापतात, तो कागद मेलामाइनच्या राळेत भिजवतात आणि राळेत भिजवलेल्या तपकिरी कागदाच्या अनेक थरांवर ठेवून उष्णता व दाब यांच्या साहाय्याने एकजीव करतात. (गंमत अशी, की हे थर लाकडाच्याच लगद्याचे असतात, म्हणजे लाकडाने लाकडाचा मुखवटा घातलेला असतो, आणि स्वतःचा चेहरा त्याला दाखवता येत नाही.) येथे संरचना लाकडाची नाही, पोत तेवढा लाकडाचा आहे. पोत म्हणजे काय याचा विचार केला तर ही देवघेव साधी राहत नाही. सागाच्या फळीवरील रेषा ही नक्षी नसते. ज्या वर्षी पाऊस बरा झाला त्या वर्षीचे वलय रुंद, ज्या वर्षी ओढ दिली त्या वर्षीचे अरुंद. जेथे फांदी फुटली होती तेथे गाठ. हा एक लेख आहे, आणि तो ज्याच्याविषयी आहे त्यानेच लिहिलेला आहे. कापडातील जाडसर धागा, हातकागदातील न कुटला गेलेला तंतू, दगडी पायरीतला खोलगटपणा ही सगळी कोणत्या तरी घटनेची साक्ष असते. छापील पोत ती साक्ष देतो, पण ज्या घटनेची देतो ती त्या पृष्ठभागावर घडलेली नसते. म्हणूनच मोठ्या पृष्ठावर तो पसरला म्हणजे तीच गाठ ठरावीक अंतरावर पुन्हा भेटते. संगणकावरील पोताच्या चौकटी तर कडा एकमेकींना बेमालूम जुळतील अशाच तयार केलेल्या असतात. सांधा दिसू नये ही त्यांच्या गुणवत्तेची पहिली कसोटी.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. द्रव्याच्या प्रामाणिकपणाचा हा आग्रह मुळात पैसेवाल्यांचा आहे. खरे सागवान ज्याला परवडते त्याने सनमायकाला खोटारडे म्हणावे, हातकागद ज्याला परवडतो त्याने छापील हातकागदाला नाक मुरडावे, यात नीती किती आणि वर्गाचा अहंकार किती? विल्यम मॉरिसने १८९१ मध्ये केल्मस्कॉट मुद्रणालय काढले तेव्हा हातकागद, हाताने चालवायचे छापयंत्र, उत्तम शाई हे सारे सत्याच्या आग्रहातून आले. परंतु त्या समाजवाद्याचे ग्रंथ कामगाराला विकत घेता येतील असे नव्हते. दोन खोल्यांच्या घरात नव्या कपाटावर सागवानी रेषा पाहून ज्या गृहिणीला समाधान वाटते ती फसलेली नसते. तिला ते काय आहे हे दुकानदाराइतकेच ठाऊक असते, आणि ओल्या फडक्याने पुसता येणारा पृष्ठभाग तिला खऱ्या सागापेक्षा सोयीचाही वाटतो. रस्किनच्या मुलाम्याचा न्याय तिलाही लागू झालाच पाहिजे. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. त्याने एक गोष्ट निश्चित होते: छापील पोत केवळ छापील आहे म्हणून दोषी ठरत नाही. त्या साक्षीवर कोणी काही विसंबून आहे काय, आणि ती खोटी निघाल्यास नुकसान कोणाचे होते, हे पाहावे लागते.

कलेने या प्रश्नाशी १९१२ मध्येच खेळ मांडला होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात पिकासोने वेताच्या खुर्चीचे विणकाम छापलेले मेणकापड एका स्थिरचित्रात चिकटवले. सप्टेंबरमध्ये ब्राकने लाकडी फळ्यांचा आभास देणारा भिंतीचा कागद दुकानातून विकत आणून तो कोळशाच्या रेखाटनात डकवला. ब्राक घरे रंगवणाऱ्या कारागिरांच्या कुटुंबातला. लाकडाच्या आणि संगमरवराच्या नकला कशा करतात याचे शिक्षण त्याने रीतसर घेतलेले होते. त्यामुळे त्याच्या चित्रातील लाकूड हे लाकूड नाही, लाकडाचे चित्रही नाही. लाकडाच्या नकलेचा तो खराखुरा तुकडा आहे. चित्रातली सर्वांत खोटी गोष्ट हीच त्यातली सर्वांत खरी वस्तू ठरते. नक्कल अवतरणचिन्हांत घातली की ती साक्ष राहत नाही, पुरावा होते. आणि आस्वादकाची दिशाभूल होण्याऐवजी त्याला विचार करावा लागतो. अशी जागरूकता रोजच्या संकल्पनात अपेक्षिणे व्यर्थ आहे. पण ती शक्य आहे, हे ब्राकच्या त्या कागदाने दाखवून दिले.

संगणकाच्या पडद्यावर हा वाद वेगळ्याच भाषेत झाला. २०१० च्या सुमारास ॲपलच्या पडद्यांवर पुस्तके लाकडी फडताळात मांडलेली दिसत, नंतर दिनदर्शिकेला शिवणीसह कातडे चढले. २०१३ मध्ये हे सारे एका फटक्यात काढून टाकण्यात आले. मायक्रोसॉफ्टने त्याआधीच, २०१० मध्ये, सपाट रंगांची चौकोनी मांडणी मोबाइलवर आणली होती. या सपाटपणाच्या समर्थनात प्रामाणिकपणा, अस्सलपणा, माध्यमाशी निष्ठा हे शब्द वारंवार आले. रस्किनची परिभाषा शंभर-दीडशे वर्षांनी अशी अनपेक्षित जागी अवतरली. हा आवेश अनाठायी होता. पडद्यावरील कातडे खरे आहे असे कोणालाच वाटत नव्हते. आणि ज्या पडद्यामागे वापरणाऱ्याची प्रत्येक हालचाल नोंदवली जाते त्या पडद्याच्या शिवणीचा प्रामाणिकपणा तपासत बसणे हा नैतिक दृष्टीचा तिरळेपणा म्हटला पाहिजे. २०२५ मध्ये ॲपलने पुन्हा काचेचा आभास देणारी, मागचे दृश्य वाकवून दाखवणारी मांडणी आणली तेव्हा निष्ठेची ती चर्चा फारशी कोणाला आठवलीही नाही.

मुद्रणाच्या व्यवहारात मात्र साक्षीवर विसंबणारे लोक असतात. ब्लीच न केलेल्या लगद्याचा कागद तपकिरी असतो, त्यात तंतू आणि ठिपके दिसतात. त्यावरून ग्राहक असे अनुमान काढतो, की ही वस्तू कमी प्रक्रियेची, पर्यावरणाला कमी जाच देणारी असावी. पांढऱ्या, चकचकीत पुठ्ठ्यावर तोच तपकिरी रंग, तेच तंतू, तेच ठिपके चार शाईंत छापून वेष्टन तयार केले जाते, तेव्हा एकही खोटे वाक्य छापलेले नसते. खोटे बोलतो तो पोत. दावा शब्दांत केलेला नसल्याने त्याला आव्हानही देता येत नाही. सनमायकाच्या कपाटात आणि या वेष्टनात फरक आहे तो इथेच.

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळात वाचकाची चिंता याच्या नेमकी उलट होती. छापील धर्मग्रंथाला हात लावण्यास कर्मठ लोक कचरत, कारण शाईत प्राण्याची चरबी असते असा त्यांचा समज होता. मुंबईतील गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप वापरून शाई केली, अशी हकीकत मुद्रणेतिहासात सांगितली जाते. तुपाची शाई आणि चरबीची शाई कागदावर सारखीच काळी दिसते. तरीही जो फरक दिसत नाही तोच त्या वाचकाला सर्वस्व वाटत होता. त्यामागची सोवळ्याओवळ्याची धारणा आज कोणी समर्थनीय मानणार नाही. पण द्रव्य कोठून आले हा प्रश्न त्याने विचारला होता, हे नाकारता येत नाही. आजच्या वाचकापर्यंत द्रव्याचा चेहरा तेवढा पोचतो आणि तो प्रश्न वाटेतच निकालात निघतो.

नुकसान कोणाचे, याचे उत्तर वारली चित्रांच्या उदाहरणात अधिक स्पष्ट होते. लग्नप्रसंगी घराच्या आतल्या भिंतीवर लिहिला जाणारा देवचौक हा मूळचा सवाशिणींच्या हातचा. कारवीच्या कुडाची, माती आणि शेण यांनी लिंपलेली, गेरूने सारवलेली भिंत; तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग; बांबूची चेचलेल्या टोकाची काडी; चौकात पालघट देवी, आणि लग्नविधी चालवणारी धवलेरी. ही भिंत चित्राची पार्श्वभूमी नव्हती. ती आधी होती. तिच्यात कुडाचा उंचवटा होता, शेणातले काडीकचरे होते, कोठे सारवण जाड, कोठे पातळ. काडी त्यावरून जाताना अडखळे, पीठ एके ठिकाणी शोषले जाई, दुसरीकडे साचे. वारली रेषेचे जे तुटकपण रसिकांना मोहवते त्यातले बरेचसे या अडखळण्यातून आलेले आहे. रॅन्समने कवितेत पोताचे जे कार्य सांगितले ते या भिंतीने अक्षरशः केले.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रे मुंबईत पोचली आणि जिव्या सोमा म्हसे यांनी कागद व कापड हाती घेतले. हे स्थलांतर मोठे होते: भिंतीवरून कागदावर, विधीतून बाजारात, स्त्रियांच्या हातून पुरुषांच्या हाती. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यास यात ऱ्हासच दिसेल. तथापि म्हसे आणि त्यांच्यानंतरचे चित्रकार कागदावर किंवा कापडावर शेणाचा अथवा गेरूचा हात फिरवून मग चित्र काढत आले. ही सारवलेली जमीन भिंतीची आठवण आहे आणि तितकीच ती प्रत्यक्ष जमीनही आहे. रेषेला तिच्याशी झगडावे लागतेच. ती रेषेच्या आधी येते.

तिसरी अवस्था संगणकावरची. बाजारात मिळणाऱ्या कपांवर, पिशव्यांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर आणि सरकारी पत्रकांवर जे 'वारली' आढळते त्यात मनुष्याकृती अगोदर आखलेल्या असतात: दोन त्रिकोण, एक वर्तुळ, चार काड्या, सर्व एकाच जाडीचे. त्यांच्यामागे, काम संपल्यावर, मातीच्या भिंतीचा पोत सरकवला जातो. त्याची तीव्रता इतके टक्के, त्याच्या मिश्रणाची पद्धत अमुक. भिंत आता नंतर येते. ती रेषेला अडवत नाही, तिच्यासाठी मागे सरते. क्वचित रेषाच मुद्दाम खरबरीत करण्याचे आयते साधन वापरतात. मग न झालेल्या अडखळण्याच्याही खुणा उमटतात. पाहणाऱ्याला हे मातीचे आहे असे वाटते काय? बहुधा वाटत नाही. पण हे त्या भिंतीकडून, त्या हातांकडून आले आहे असे त्याला वाटते, आणि वस्तूची किंमत तो त्या समजुतीपोटी मोजतो. ते पैसे भिंत सारवणारीपर्यंत जात नाहीत. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ते नावाला संरक्षण देऊ शकते, गेरूच्या रंगाला आणि शेणाच्या कणांना कसे देणार? आता तर 'मातीची भिंत' एवढे शब्द टंकित केले तरी यंत्र पोत घडवून देते. छायाचित्रातून घेतलेला पोत निदान कोठल्या तरी एका पाड्यावरील एका घराचा असे. हा कोणत्याच भिंतीचा नाही.

पोत आधीचा की नंतरचा, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला परका नाही. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत 'मातीचा वास' हा शब्दप्रयोग किती सैलपणे वापरला गेला हे सर्वज्ञात आहे. प्रमाणभाषेत आखून पूर्ण केलेल्या कथेवर बोलीतील शे-पन्नास शब्द, विशेषतः संवादांत, पसरून देण्याची रीत एके काळी इतकी बोकाळली, की ते शब्द काढून घेतले तरी कथेतील एकही वाक्य जागचे हलत नसे. कथाकाराची जाणीव त्या शब्दांनी कोठेही अडवलेली नसे. आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) ही कादंबरी येथे वेगळी पडते. तेथे नारबा हा शेतगडी स्वतःच निवेदन करतो आणि सबंध निवेदन बोलीत आहे. जनावरांनी भरलेल्या त्याच्या जगात ट्रॅक्टर येतो. त्या यंत्राविषयी आणि त्याने घडवलेल्या उलथापालथीविषयी बोलताना नारबाजवळ अर्थव्यवहाराची परिभाषा नसते, त्यामुळे निवेदनाला बैल, म्हशी, शेण, वैरण यांच्यामधूनच वाट काढावी लागते. अनेकदा जे सांगायचे ते सांगता न येता बाजूने निघून जाते आणि त्या चुकण्यातच कादंबरीचा आशय साठतो.

अर्थात संपूर्ण निवेदन बोलीत केले म्हणजे पोत आपोआप आधीचा ठरतो, असेही म्हणता येत नाही. 'गोतावळा'नंतर आलेल्या कित्येक कादंबऱ्यांत बोली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अखंड आहे, आणि तरीही तिच्याखालचे विचाराचे वळण शहरी शिक्षिताचे आहे, सांधा तेवढा दिसत नाही. अशा कृतींना अस्सल म्हणून गौरवताना समीक्षकाने जी खूण पुरेशी मानली, ती वेष्टनावरील तपकिरी ठिपके पाहून समाधान पावणाऱ्या ग्राहकाच्या खुणेहून फार निराळी होती काय, याची तपासणी कृतीगणिक करावी लागेल. आणि ती शब्दसूचीवरून होणार नाही, वाक्य कोठे आणि कशाने अडले हे पाहूनच व्हावी लागेल.